वाऱ्याच्या खालच्या अंगाला

श्वानपथकाच्या मैदानाला आता भिंत झालीय. आमच्या वेळी काटेरी तार होती आणि तारेत बाभळीच्या फांद्या खोचलेल्या असायच्या, तरी बकऱ्या आत यायच्याच. फाटकातून पाऊल टाकलं आणि मी आधी उभा राहून वास घेतला. जुनी खोड. शिजणारा दलिया, त्यात हळद. ओलं कातडं. फिनेल. उन्हात तापलेली कुत्र्याची पाठ. सगळं जागच्या जागी होतं. माणसं तेवढी बदलली होती.

माझी सून सुवर्णा फाटकाच्या आत कडुलिंबाखाली स्कूटी लावत होती. "मामा, मी हितंच थांबते," म्हणाली. मी मान हलवली. दहा महिने आमचं बोलणं एवढंच. तिनं सांगायचं, मी मान हलवायची. माझ्या हातात कापडी पिशवी, पिशवीत काचेची बरणी, बरणीत तिच्या सासूचा पंचा. हे तिला ठाऊक नव्हतं. जुन्या लोकांना भेटायचंय असं मी सांगितलं होतं. तिथं जुनं कुणी उरलेलं नाही हे तिलाही कळत असणार, पण तिनं मला आणलं.

मी पोलीस नव्हतो, ते आधीच सांगून टाकतो. चौथी शिकलेल्याला कोण पोलीस करतं. मी पथकात कुत्र्यांचं रांधायचो, त्यांच्या खोल्या धुवायचो आणि चोर व्हायचो. शिकाऊ कुत्र्याला वासावरून माणूस गाठायला शिकवायचं, तर गाठायला कुणीतरी माणूस लागतो. तो मी. माझ्या अंगचा गंजी हवालदाराच्या बरणीत असायचा. मी सकाळी निघायचो, दोन-तीन मैल चालायचो आणि कुठंतरी लपून बसायचो. तासाभरानं हवालदार चिमट्यानं गंजी काढून कुत्र्याच्या नाकापुढं धरायचे आणि म्हणायचे, सूंघ. मग ते कुत्रं माझ्या पावलांवरून निघायचं.

काझी हवालदारांनी मला हे काम शिकवलं. अंगाला साबण नाही. डोक्याला तेल नाही. बरणीतला गंजी पंधरा-पंधरा दिवस धुवायचा नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे वारा. "छुपनेका तो हवा देखके छुप," ते म्हणायचे. "हवा तेरे ऊपरसे कुत्तेकू गई, तो उसकू जमीन सूंघनेकी जरूरतच नै." वाऱ्याच्या वरच्या अंगाला जो बसतो तो कितीही लपला तरी उघडाच. वाऱ्याच्या खालच्या अंगाला जो असतो, त्याला सगळं आपोआप कळतं. त्यानं नुसता श्वास घ्यायचा.

हिवाळ्यात मला हर्सूलच्या तलावाकडं पाठवायचे. नुकतं उजाडलेलं असायचं. ज्वारी छातीइतकी, पानापानावर दहिवर, आणि चालता चालता पायजमा मांडीपर्यंत भिजायचा. दहिवरात वास चांगला धरतो. ऊन चढलं की उडतो आणि कुत्रं वैतागतं. मी बांधाबांधानं जायचो, मधेच ओढ्यातून आडवा, मधेच आल्या वाटेनं दहा पावलं मागं, कुत्र्याला चकवायला. मग एखाद्या बोरीच्या जाळीमागं आडवा व्हायचो.

ते पडून राहणं मला अजून स्वप्नात येतं. पाठीखाली गार माती. वरून पाणकावळ्यांची रांग तलावाकडं चाललेली. लांब जेलात टोल पडायचा. ओल्या गवताचा वास, बोरांचा आंबूस वास, माझाच घामट वास. लपलेल्या माणसाला काही काम नसतं, त्यानं फक्त असायचं असतं. आपण कुठं आहोत हे कुणाला ठाऊक नाही, आणि तरी एक जीव नाक जमिनीला लावून आपल्याकडं निघालाय. वाटेत ससा उठला तरी तो भुलत नाही. शेळ्यांचा कळप आडवा गेला तरी भुलत नाही. त्याला जगातलं दुसरं कुणी नको, मीच पाहिजे. असं कुणाला रोज मिळतं? मोठमोठ्यांना मिळत नाही. मला चतुर्थ श्रेणीत मिळायचं.

आधी पट्ट्याची कडी वाजायची. मग धापा ऐकू यायच्या. मग ओलं नाक माझ्या मानेत घुसायचं, आणि मी खिशातला मटणाचा तुकडा पुढं करायचो. सापडल्याचं बक्षीस चोरानंच द्यायचं, असा आमच्याकडं रिवाज होता.

आमचं बिऱ्हाड मैदानामागंच होतं, पत्र्याच्या खोल्यांत. घरची लासूर स्टेशनची. तिच्या माहेरच्या परसाला लागूनच रूळ, त्यामुळं गाडीच्या खडखडाटाशिवाय तिला दुपारची डुलकी लागत नसे. इथं आल्यावर ते काम कुत्र्यांच्या भुंकण्यानं केलं. तिचं नाव मी कधी घेतलं नाही. 'अगं' म्हटलं की पुरायचं. तीही मला 'अवं' म्हणायची, आणि त्या 'अवं'चे दहा प्रकार होते. जेवायला चला हा एक, पुरे आता हा दुसरा, पावणे आलेत नीट बसा हा तिसरा.

तिच्या कमरेला चंची असायची. हल्लीच्या पोरांना चंची ठाऊक नसेल. कापडाची, कप्प्याकप्प्यांची पिशवी, गुंडाळून दोरीनं बांधायची. एका कप्प्यात पान, एकात सुपारी, एकात कात, चुन्याची डबी, आणि सगळ्यांत आतल्या कप्प्यात लवंगा. पान ती दिवसातून दोनदाच खायची, लवंग मात्र दिवसभर दाढेखाली. निळ्या खणाची ती चंची तिनं स्वतः शिवलेली. काठ झिजला की नवा काठ लावायची, आतलं कापड तेच. पाठीमागून आली तरी मला कळायचं. लवंग, चुना, चुलीचा धूर, आणि त्या सगळ्याच्या खाली एक काहीतरी, जे नुसतं तिचं होतं. त्याला नाव नाही. मी पुष्कळ शोधलं.

"अवं, तुमचं नाक कुत्र्याच्या वर झालंय," ती म्हणायची. "पथकात भरती व्हा, मटण तरी मिळंल."

"भरतीच हाय की."

"ते चोर म्हणून. कुत्र्याचा मान येगळा."

बरणीतला गंजी हा आमच्या घरातला कायमचा तंटा. पंधरा दिवस अंगावर घालून मळवायचा आणि मग नेऊन द्यायचा. तिला ते सोसायचं नाही. धुणं तिच्या हाताला चिकटलेलंच होतं. दाराची कडीसुद्धा ती पुसून काढायची. मळका गंजी खुंटीवर दिसला की तिचा जीव खालवर व्हायचा. "बायको मेलीय व्हय तुमची, असं फिरता ते," म्हणायची.

एकदा वरचे साहेब काम बघायला येणार होते. लिझा नावाची काळी डॉबरमन तेव्हा तयार झाली होती. काझी हवालदारांनी तिच्यामागं वर्ष घातलेलं. मला म्हणाले, गंजी पक्का पाहिजे. मी घरून आणून दिला, चांगला पिवळा पडलेला, घडी केलेला. सकाळी निघालो आणि हिमायतबागेच्या अंगाला एका नाल्यात जाऊन पडलो. आंब्यांना मोहर आलेला. त्या गोड वासात माणूस हरवून जातं. पाऊण तास झाला, तास झाला. ऊन मानेवर आलं. मुंग्या पायजम्यात शिरल्या. कडी वाजेना, धापा ऐकू येईनात.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणी शोधत आलं नाही. ती गंमत नव्हती. मोहराचा वास गोडच होता, आभाळ तसंच होतं, पण मी तिथं असून नसल्यासारखा झालो. शेवटी उठलो, माती झटकली आणि चालत परत आलो.

मैदानात कुणीच नव्हतं. सगळे आमच्या खोलीपुढं जमलेले. साहेब, काझी हवालदार, पथकातली सगळी माणसं. मध्ये माझी घरची, परातीपुढं बसलेली, हात पिठात. आणि तिच्यासमोर लिझा, अगदी शिकवल्यासारखी, ताठ बसलेली.

"लो, आ गया," काझी हवालदार म्हणाले. "तेरा चोर घरमेंच पकडा गया रे."

मग ती साहेबांना सांगायला लागली, पिठाच्या हातानं पदर सावरत. मी मळवून खुंटीवर टांगलेला गंजी तिला बघवला नाही, म्हणून तिनं चार दिवसांमागं धुऊन टाकला होता. वाळत घातला आणि मग आठवलं. मला सांगायची छाती होईना, नवऱ्याची नोकरी जाते की काय म्हणून घाबरली. मग तिनं तिच्या डोक्यानं तोड काढली. घामच पाहिजे ना, तर घाम आपल्याकडं काय कमी हाय? चार दिवस तो गंजी तिनं पोलक्याच्या आत घातला. त्यातच दळण आणलं, त्यातच लाकडं फोडली, त्यातच उन्हात मिरच्या निवडल्या. पुरेसा मळल्यावर घडी करून खुंटीवर ठेवून दिला.

"साहेब, एका घरातलीच माणसं की आम्ही," ती म्हणाली. "कुत्रीला एवढा फरक कळंल असं वाटलं नाय मला."

साहेबांनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते. मी मात्र काझी हवालदारांकडं बघत होतो, वर्षाची मेहनत वाया गेली म्हणून. त्यांनी लिझाच्या मानेवर हात फिरवला. "कुतिया पास है," ते म्हणाले. "धोया हुआ कपडा था. सोडा लगा, साबन लगा, उसके नीचेसे भी औरतकू पकडी. साबन-वाबन सब ऊपर-ऊपरका रे. कुत्ता नीचेका आदमी लेता." मग घरचीकडं वळून म्हणाले, "भाभी, बक्षीस द्या आता. रिवाज हाय." तिनं तव्यावरची भाकरी मोडून लिझाला दिली. पहिली भाकरी, जी माझ्या ताटात यायची.

त्यानंतर लिझा तिचीच झाली. दसऱ्याला पथकात कुत्र्यांची पूजा व्हायची, कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूच्या माळा. सगळी कुत्री माळा झटकून टाकायची, लिझा मात्र घरची येईपर्यंत माळ गळ्यात ठेवून बसायची. उन्हाळ्यात आम्ही खोल्यांच्या दारांना ओली गोणपाटं लावायचो. गोणपाटातून येणारी ती गार, मातकट हवा आणि त्यात लवंग. मी दलिया ढवळत असायचो आणि ती बाहेर सावलीत लिझाच्या कानातली गोचीड काढत बसायची. कुत्रीशी बोलायची. काय बोलायची ते मी कधी ऐकायला गेलो नाही. ऐकायला पाहिजे होतं.

ती कशानं गेली ते लिहीत बसत नाही. शेवटचे तीन महिने घरात औषधाचा वास होता. स्पिरिट, मलम, रबरी चादर. लवंग सुटली होती. चंची कमरेला दिसेना, म्हणून मी विचारलं तर तिनं भिंतीकडं तोंड केलं. तिच्या उशाशी बसून मी श्वास घ्यायचो आणि मला नुसता दवाखाना सापडायचा. ती समोर होती आणि तिचा वास नव्हता. नाल्यात पडलो होतो ना त्या दिवशी, तसं वाटायचं, फक्त उलटं.

तिला पोचवून परत आलो तेव्हा अंगणात दोऱ्या भरलेल्या होत्या. सुवर्णानं सगळं धुतलं होतं. पातळं, पोलकी, गोधड्या, अभ्रे, पायपुसणंसुद्धा. कढत पाण्यात, सोड्यात. अंगणभर माझी बायको वाळत घातली होती आणि त्यात ती कुठंच नव्हती. घरात जाऊन मी चंची शोधली. ट्रंका, फडताळ, माळा. मिळाली नाही. मग बाहेर आलो आणि सोयऱ्याधायऱ्यांत सुनेला म्हणालो, "ती एकदा मेली. दुसऱ्यांदा तू मारलीस."

सुवर्णानं वर बघितलं नाही. पिळलेलं पातळ तसंच हातात होतं, पाणी तिच्या पायावर गळत होतं. मी आयुष्यभर तोंडाचा फटकळ, पण तसलं वाक्य मी कुत्र्यालाही कधी बोललो नव्हतो. मुलगा माझ्याशी चार दिवस बोलला नाही. सून बोलली. "जेवायला वाढलंय," म्हणाली. तेव्हापासून तेवढंच.

पलंगाखाली एक पंचा निसटला होता. शेवटी तिच्या मानेखाली असायचा तो. मी चिमट्यानं उचलला, हात न लावता, आणि बरणीत घातला. बरणी पथकातलीच, रबरी कडेच्या झाकणाची. मी निवृत्त झालो तेव्हा काझी हवालदारांनी आठवण म्हणून दिलेली. ट्रंकेत ठेवून दिली आणि दहा महिने उघडली नाही. झाकण जितक्यांदा उघडाल तितका वास उडतो, हे एक. खरं कारण दुसरंच होतं. आत नुसतं दुखणंच असलं तर? झाकण काढलं आणि तिच्याऐवजी स्पिरिट बाहेर आलं, तर माझ्याकडं काहीच राहणार नव्हतं. बंद होती तोवर ती आत आहे असं म्हणता येत होतं. पण असं म्हणत किती दिवस काढणार? जेवताना डोळे ट्रंकेकडं, निजताना ट्रंकेकडं. माझ्या नाकावर माझा भरवसा राहिला नव्हता. कुत्र्याच्या नाकावर होता. म्हणून मी आलो होतो.

पथकात आता साळवे म्हणून हवालदार आहे, सोयगावकडचा, बोलायला सरळ. त्याचा अल्सेशन रॉकी, पाठीवर काळा, पोटाखाली तांबूस. मी कोण ते सांगितल्यावर साळवेनं बसायला खुर्ची दिली. मी बसलो नाही. बरणी काढून पुढं धरली.

"कुणाला हुडकायचंय, बाबा?"

"कुणालाच नाय. माणूस ऱ्हायलंच नाय."

"मग?"

"त्याला हुंगू दे नुसतं. आत माणूस हाय का औषधच हाय, तेवढं बघायचंय."

त्यानं बरणीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मालकीण?"

"व्हय."

तो रॉकीच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. "बाबा, ह्यो काय तोंडानं सांगणार नाय."

"पाठ सांगंल. तीस वर्सं पाठीच बघितल्या."

ते खरं होतं. बरणीत माणूस नसेल तर कुत्रं शिंकतं आणि हवालदाराच्या तोंडाकडं बघतं, आता काय करू म्हणून. माणूस असेल तर पाठ ताणली जाते, शेपूट थांबतं आणि ते ओढायला लागतं. मग वाट असो की नसो.

"पर तुमचा हात लागला असंल," साळवे म्हणाला. "तुमच्याकडंच येईल की."

"चिमट्यानं घातलाय. तरी मी तिकडं उभा ऱ्हातो. माझ्याकडं आला तर समजायचं, आत मीच हाय. ती नाय."

मी भिंतीच्या कडेनं फाटकाच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. वारा फाटकाकडून मैदानात येत होता. मी वरच्या अंगाला थांबलो ते मुद्दाम. झाकण उघडलं की तिचा वास माझ्यापर्यंत यायला नको होता. दवाखाना मला पुन्हा बघायचा नव्हता. माझ्यामागं, पंधरा पावलांवर, कडुलिंबाखाली सून स्कूटीला टेकून उभी. पर्स छातीशी.

साळवेनं झाकण काढलं. चिमट्यानं पंचा वर घेतला. एवढ्या लांबून तो पांढरा ठिपका दिसत होता. "सूंघ," तो म्हणाला. तोच शब्द, तोच सूर.

रॉकीनं नाक घातलं. शिंकला नाही. साळवेच्या तोंडाकडं बघितलं नाही. कानांपासून शेपटीपर्यंत एक ताण निघाला आणि मी मनात म्हणालो, हाय. आत माणूस हाय. पुढच्याच क्षणी त्यानं मान वर केली, वारा घेतला आणि सरळ माझ्या दिशेनं निघाला.

म्हणजे चिमट्याचा उपयोग झाला नव्हता. आत मीच होतो. कडी वाजत आली, धापा जवळ आल्या, आणि मी जुन्या सवयीनं खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. कुत्रं माझ्या गुडघ्याला घासून पुढं गेलं.

मी वळलो. रॉकी कडुलिंबाखाली गेला होता. सुवर्णापुढं ताठ बसला होता आणि त्याचं नाक तिच्या पर्सला टेकलं होतं.

"मामा, ह्याला घ्या," ती हळूच म्हणाली. अंग आखडलेलं.

"घाबरू नका ताई, काय करत नाय त्यो," साळवे धापा टाकत पोचला. "पर्समध्ये काय हाय तुमच्या?"

तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं, दहा महिन्यांत पहिल्यांदा नीट. मग चेन उघडून आत हात घातला आणि चंची बाहेर काढली. निळी, गुंडाळलेली, दोरी बांधलेली.

"ही कुठनं?" मी विचारलं.

"आत्यांनी दिली. अंथरूण धरायच्या आधी."

"मी घरभर हुडकली."

"ठाऊक हाय मला."

"मंग दिली का नाय?"

"त्यांनीच नको म्हणून सांगितलं," सुवर्णा म्हणाली. आवाज बारीक, पण थांबली नाही. "म्हणल्या, ह्यांच्या हातात दिलीस तर बरणीत कोंडून ठेवतील. तू वापर. लवंगा भर, ह्यांच्या माघारी रोज हाताळ. वर्स झालं की मग दे."

साळवेनं माझ्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडं बघितलं आणि लगेच नजर वळवली.

"आन् ते धुणं?" मी म्हणालो.

"तेबी त्यांचंच. माझं दुखणं ह्यांच्या नाकात ऱ्हाऊ देऊ नको म्हणल्या. नाक लई वाईट हाय त्यांचं. मी गेले की आधी सगळं धुऊन काढ, मग रड."

कडुलिंबाची वाळली पानं स्कूटीच्या सीटवर पडत होती. रॉकी अजून बसून होता, बक्षिसाची वाट बघत.

"त्या दिवशी बोलली का नाहीस? एवढ्या माणसांत मी..."

"त्यांची शपथ होती." मग जरा थांबून ती म्हणाली, "आन् तुम्ही ऐकलं असतं व्हय?"

नसतं ऐकलं. तेवढं मला माझं कळतं.

तिनं स्कूटीच्या डिकीतून बिस्किटाचा पुडा काढला, नातीचा असणार, आणि माझ्या हातात एक बिस्कीट दिलं. मी ते रॉकीपुढं धरलं. त्यानं ओठांनीच अलगद उचललं. मला काझी हवालदार आठवले, त्यांचा हात लिझाच्या मानेवर. पंचा तिच्या शेवटच्या दिवसांतला, स्पिरिटात बुडलेला. चंची त्याच्या आधीची, तिच्या धडधाकट कमरेची. या कुत्र्यानं तिला कधी बघितली नाही. त्याच्या लेखी दुखणं, औषध, सगळं वरवरचं. दोन्ही कापडांत त्याला बाई एकच सापडली. मी तीन महिने उशाशी बसून तिला शोधत होतो आणि ती तिथंच होती, खाली.

सुवर्णानं चंची माझ्यापुढं धरली. मी हात पुढं केला नाही.

"वर्साला दोन म्हैने हायेत अजून," मी म्हणालो. "सांगितलंय तसं कर."

साळवेनं बरणी आणून दिली. झाकण त्याच्या दुसऱ्या हातात होतं. घाईनं लावायला गेला. मी म्हणालो, राहू दे. बरणीत हात घालून पंचा काढला, चिमटा न घेता, नुसत्या बोटांनी. कडक झालेला. तो मी घडी केला आणि सुनेकडं दिला.

"हा एक धुवायचा ऱ्हायलाय."

तिनं तो घेतला. दोन्ही हातांनी घेतला. मला अजून काहीतरी बोलायचं होतं, दहा महिने राहून गेलेलं, आणि तोंडातून आलं ते एवढंच, "गाडी सावकाश चालव."

"व्हय, मामा."

बरणी मी पथकातच ठेवली. तिथलीच होती ती.

स्कूटी सुरू करायच्या आधी तिनं चंचीची दोरी सोडली, आतल्या कप्प्यातून एक लवंग काढून दाढेखाली धरली आणि चंची परत गुंडाळली. उजव्या अंगठ्यानं कड दुमडून, मग एक वेढा, मग गाठ. हे कुणी शिकवलं तिला ते विचारायची गरज नव्हती. मी मागं बसलो.

फाटकातून बाहेर पडलो तेव्हा वारा समोरून येत होता. रस्ता तोच, ज्यावरनं मी रोज लपायला जायचो. बोरी आता नाहीत, इमारती आहेत. जेलाची भिंत लांबून दिसली. पुढं हिमायतबागेची झाडं आली आणि सावली अंगावरून गेली. मी डोळे मिटले. पाठीखाली गार माती असल्यासारखं वाटलं, वर पाणकावळे. पुढं बसलेल्या पोरीच्या खांद्यावरून वारा माझ्यावर येत होता. आधी लवंग आली. मग चुना. मग धुराची एक बारीक रेघ, कापडात राहिलेली. आणि त्यांच्या खाली, लई खाली, ते आलं, ज्याला नाव नाही.

मी हललो नाही. कुणाला हुडकत नव्हतो आणि कुणापासून लपलो नव्हतो. वाऱ्याच्या खालच्या अंगाला नुसता बसलो होतो.